दहाव्या भागाची किंमत

इंटरनेटवरच्या दुकानात पुस्तकाच्या किमतीखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. ‘ही किंमत प्रकाशकाने ठरवली आहे.’ ती मी पहिल्यांदा वाचली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. भाजीवाली कधी आपणहून सांगते का, की बाई, हा वांग्याचा भाव मी ठरवलाय बरं का? ज्याला सांगावंसं वाटतं, त्याच्या पोटात काहीतरी असतं. दुकानदार म्हणतोय, माझ्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. आणि ‘ते’ कुठे आहेत? दिसत नाहीत.

हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगते, म्हणजे मी उगाच कुरकुरतेय असं वाटायला नको.

मी फार शिकलेली नाही. मॅट्रिक झाले, लग्न झालं, आणि यांच्या नोकरीमागून न्यू जर्सीत आले. इंग्रजी मी इथल्या लायब्ररीतल्या खुनांच्या गोष्टी वाचून शिकले. त्यामुळे ‘आपण कसे आहात’ हे मला नीट म्हणता यायच्या आधी ‘प्रेत कुठे सापडलं’ हे म्हणता यायला लागलं. यांच्या ऑफिसातल्या एका पार्टीत मी कुणाच्या तरी बायकोला, तुमचे मिस्टर शेवटचे कुठे दिसले होते, असं विचारलं होतं. हे अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

आता अंगठ्यांत संधिवात शिरलाय. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दहा मिनिटं धरलं की हात मागे घ्यावा लागतो. म्हणून मुलाने मला वाचायची ती पाटी घेऊन दिली. तिला काहीतरी नाव आहे, मी पाटीच म्हणते. हलकी, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि उशीला टेकवून ठेवली तर धरायचीही गरज नाही. पाटी आली आणि माझं वाचन दुप्पट झालं. संशयही दुप्पट झाला, पण ते पुढे.

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी या देशात आलो, एडिसनमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, एकमेकींची पोरं सांभाळली. मग तिच्या डॉक्टर नवऱ्याला मॅसॅच्युसेट्सला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती श्रूजबरीला गेली. चार वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. त्यानंतर हळूहळू तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. ती म्हणते, “माणूस समोर आला की मला त्याचे कान दिसतात, तोंड नाही. तुझे कान मात्र अजून चांगले आहेत हो.”

ती माझ्याहून मोठी वाचक. डोळे गेल्यावर मुलीने तिला ऐकायची पुस्तकं लावून दिली. तिने चार दिवस ऐकली आणि बंद केली. म्हणाली, “तो वाचणारा माणूस तोंडात खडीसाखर ठेवून वाचतो. झोप येते. आणि मध्येच ‘म्हणजे गं?’ असं त्याला विचारता येत नाही.”

मग विचारायला तिला मी मिळाले. रोज दुपारी तीन वाजता तिचा फोन येतो. मी आदल्या दिवशी वाचलेलं तिला मराठीत सांगते. आम्ही धरलेली मालिका समुद्रकाठच्या एका थंड गावातली. तिथे घड्याळं दुरुस्त करणारी एक विधवा बाई आहे, तिच्या दुकानात येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मरतं, आणि ती छडा लावते. त्यातली इंग्रजी नावं मैत्रिणीच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी ती काढून टाकली. आमच्याकडे फक्त घड्याळवाली, पाद्री, लंगडा फौजदार आणि केकवाली. मैत्रीण आधी म्हणाली, “अमेरिकेत कसला फौजदार?” दुसऱ्या भागापासून तीच विचारायला लागली, “फौजदाराचा पाय कसा आहे?”

असे नऊ भाग झाले. नवव्याच्या शेवटच्या पानावर घड्याळवालीला एका खणात तिच्या मेलेल्या नवऱ्याचं घड्याळ सापडतं. तो तर समुद्रात बुडाला होता, घड्याळासकट. म्हणजे बुडाला नव्हता. खण पाद्र्याचा. आणि तिथे पुस्तक संपलं. दहावा भाग शेवटचा, आणि तो यायला वर्ष होतं.

त्या वर्षात मैत्रिणीचं ठरलं. तिची मुलगी खाली जॉर्जियात, अल्फारेटाला राहते. दिवाळी झाली की श्रूजबरीचं घर विकायचं आणि आईला तिकडे न्यायचं. बरोबरच आहे, एकटी किती दिवस राहणार? मी तोंडाने “छान झालं” म्हटलं. मनात मात्र हिशेब केला, की भरल्या घरात गेल्यावर या बाईला तीन वाजता माझी कशाला आठवण येईल? तिथे नातवंडं आहेत, जावई हौशी आहे, आजूबाजूला सगळे आपलेच लोक. तेव्हा काहीही झालं तरी ती श्रूजबरी सोडायच्या आत दहावा भाग सांगून पूर्ण करायचा, असं मी ठरवलं. निदान एवढं तरी पुरं व्हावं. रोज एक प्रकरण धरलं तर वेळ भरपूर होता, तसा हिशेब तिलाही ऐकवला.

पुस्तक सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी आलं. इथे नवी पुस्तकं मंगळवारीच येतात. का ते मला कुणी सांगितलेलं नाही, त्याचाही मला संशय आहेच. सकाळी चहा घेऊन मी पाटी उघडली आणि किंमत बघून कप खाली ठेवला. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाला दुकानदाराने सूट दिली होती, पाटीवरच्या पुस्तकाला काहीच नाही. दोघांत फरक उरला होता जेमतेम एका कॉफीचा.

“काय गं?” हे पेपरामागून म्हणाले.

“कागद नाही, पुठ्ठा नाही, शिवण नाही, ट्रक नाही. मग किंमत तीच कशी?”

“मग घेऊ नको.”

“घ्यायचंय म्हणून तर विचारतेय.”

“मग घे.”

यांच्याशी बोलणं म्हणजे हे असं. चाळीस वर्षं इंजिनियरिंग केलेला माणूस, बटण चालू नाहीतर बंद.

मी घेतलं नाही. परवडत नव्हतं असं नाही. पण आपल्याला कुणी मूर्ख समजतंय, आणि आपण हसत हसत पैसे काढून देतोय, हे माझ्याच्याने होत नाही. आणि मला भाव पाडता येतो. माझ्या आईने मला सातारच्या बाजारात हाताला धरून शिकवलंय. जे हवं ते शेवटी बघायचं. हात दुसऱ्याच वस्तूवर ठेवायचा, किंमत तिसऱ्याच वस्तूची विचारायची, मग निघता निघता, जणू आत्ताच दिसलं असं, “आणि हे काय दिलंस?” तोवर समोरची बाई दमलेली असते.

आता कबूल करायला लाज वाटते, पण मी तेच पाटीवर सुरू केलं. सकाळी आधी बागकामाची पुस्तकं उघडायची. मग बेकिंगची. एखादं गाईम्हशींच्या रोगांवरचं. मग अगदी सहज दहावा भाग. किंमत बघायची, नाक मुरडायचं, बंद करायचं. चार दिवस टोपलीत टाकून ठेवला आणि पाचव्या दिवशी काढून टाकला, म्हणजे त्यांना वाटावं की गिऱ्हाईक चाललं. दुकानातून बाहेर पडून चार पावलं गेलं की मागून हाक येतेच, असा माझा साठ वर्षांचा अनुभव. इथे हाक आली नाही.

हे म्हणाले, “तू त्या मशीनसमोर नाक मुरडतेस?”

“मग?”

“त्याला तुझं नाक दिसत नाही.”

“कशावरून दिसत नाही?”

हे परत पेपरात शिरले. आणि मला तिथूनच पुढचा संशय आला. मी रोज बघते हे त्यांना दिसत असणार. बाईला गोष्टीच्या शेवटावाचून करमत नाही हे कळलं असणार. म्हणजे किंमत माझ्यासाठीच वर धरून ठेवलीय! मी मैत्रिणीच्या मुलीला अल्फारेटाला फोन करून तिच्या फोनवर बघायला लावलं. तीच किंमत. ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, भाजी घेताना काउंटरवरच्या बाईला तिच्या फोनवर बघायला लावलं. तीच किंमत. ती म्हणाली, “मावशी, भेंडी घ्यायचीय ना?”

लायब्ररीत गेले. तिथे पाटीवर उतरवायच्या पुस्तकासाठी रांग होती आणि माझा नंबर शंभराच्या पलीकडचा. मी म्हटलं, हे कागदाचं नाही ना, मग एकाच वेळी सगळ्यांना का नाही देत? लायब्ररीतली बाई शांतपणे म्हणाली, एका वेळी एकालाच, अशी अट असते. आणि ठरावीक मुदतीनंतर ते आमच्याकडून नाहीसंच होतं, परत विकत घ्यावं लागतं. मी विचारलं, झिजतं का? ती म्हणाली, नाही. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिलाही संशय होता, फक्त तिला नोकरी करायची होती.

गणपती त्या वर्षी उशिरा होते. आमच्या शेजारच्यांकडे दीड दिवसाचा असतो. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, रोज गाडीने न्यूयॉर्कला जाते, एका प्रकाशकाकडे कामाला. इतकी वर्षं मी तिला नुसती “कशी आहेस गं” विचारत होते. त्या दिवशी दोन मोदक घेऊन तिला खिडकीपाशी गाठलं.

“तुम्ही किमती ठरवता ना?”

“मी नाही ठरवत, काकू.”

“तुझा साहेब?”

“तो पण नाही. देअर्स अ मीटिंग.”

“मीटिंगमध्ये कोण असतं?”

“आय डोन्ट नो... पीपल.”

बघा. प्रत्येक जण म्हणतो मी नाही, आणि किंमत मात्र ठरते.

मी कागद, पुठ्ठा, शिवण, ट्रक सगळं तिच्यापुढे मांडलं. तिने नीट ऐकलं. मुलगी गुणी आहे. म्हणाली, “पेपर इज द चीप पार्ट, काकू. रायटर आहे, एडिटर आहे, कव्हर करणारा आहे, जाहिरात आहे. ते ई-बुकला पण लागतंच.”

“बरं. मग वर्षाने मऊ पुठ्ठ्याचं काढता तेव्हा ई-बुक पण खाली येतं. तोवर लेखक निम्मा होतो का?”

तिला मोदक घशात अडकला. पाणी प्यायली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाली, “काकू, ऑनेस्टली? पहिल्या दिवशी लोक स्टोरीचे पैसे देत नाहीत. दे पे फॉर नॉट वेटिंग. ज्यांना घाई आहे ते जास्त देतात. ज्यांना नाही, ते थांबतात, त्यांच्यासाठी मग खाली आणतात.”

“आणि कुणाला किती घाई आहे हे तुम्हाला कसं कळतं?”

“तेच सांगतात ना. विकत घेऊन.”

वर तिने आणखी एक सांगितलं. ती नोकरीला लागायच्या बऱ्याच आधी काही प्रकाशक ई-बुक महिनोन्‌महिने मागे ठेवायचे, हार्डकव्हर खपावं म्हणून.

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

घरी येताना मला इतकं बरं वाटलं! किती दिवस हे मला वेड्यात काढत होते. मी यांना सांगितलं, “मुद्दाम. तिनेच सांगितलं.” हे म्हणाले, “मोदक आणलेस का?”

आता मूळ गोष्टीकडे येते. या सगळ्या भानगडीत मी मैत्रिणीला रोज तीन वाजता अहवाल देत होते. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, “उतरली का?” दुसऱ्या आठवड्यातही विचारलं. मग विचारणं बंद. आम्ही आपल्या जुन्या भागांवर बोलायचो, फौजदाराच्या पायावर, केकवालीच्या तिसऱ्या लग्नावर. मी मीटिंगची गोष्ट सांगितली तेव्हा ती खूप हसली. पण दहाव्या भागाचं नाव काढलं की, “असू दे गं. उतरेल तेव्हा उतरेल.”

ही तीच बाई, जिने पाचव्या भागात खुनी सांग म्हणून मला देवाची शपथ घातली होती.

ऑक्टोबर लागला. झाडं पिवळी पडली, हे अंगणात पानं ओढायला लागले, आणि मला दिवाळी दिसायला लागली. एका दुपारी मी म्हटलं, “जाऊ दे बाई तत्त्व. आज घेतेच. नाहीतर तू जायच्या आत व्हायचं नाही.”

ती घाईघाईने म्हणाली, “अगं, एवढे दिवस थांबलीस, आता कुठे? थांब आणखी पंधरा दिवस.”

“पंधरा दिवसांनी तू सामान बांधत असशील.”

“मग असेन. तू थांब.”

मी फोन ठेवला. हिला घाई नाही. घाई नाही म्हणजे काय? त्या शेजारच्या मुलीने सांगितलं होतं, घाई आहे की नाही ते माणूस स्वतःच सांगतो. ज्याला गोष्ट ठाऊक असते त्याला घाई नसते.

पुढच्या शनिवारी तिची मुलगी सामान आवरायला श्रूजबरीला आली होती. आमचं बोलणं चालू असताना मागून आवाज आला, “आई, व्हेअर डू आय पुट धिस बुक?” आणि ही एकदम म्हणाली, “ठेव, ठेव तिकडेच.”

“कसलं पुस्तक गं?” मी विचारलं.

“कसलं नाही. फोनचं.”

आजच्या काळात कुणाच्या घरात फोनचं पुस्तक असतं? आणि मधलं न दिसणाऱ्या बाईच्या घरात?

माझी खात्रीच झाली. मुलीने हिला दहावा भाग वाचून दाखवलाय. किंवा खडीसाखरवाल्याकडून हिने ऐकलाय. आता ही नुसती माझी समजूत काढतेय. अल्फारेटाला जायच्या आधीच मला हळूच सोडून देतेय, वाईट वाटू नये अशा बेताने. मला राग आला, आणि रडूही आलं.

मग मी सापळा लावला. घड्याळवाली लावते तसा. दुसऱ्या दिवशी तीन वाजता अगदी सहज म्हटलं, “कळलं बरं का मला. शेवटी पाद्रीच निघाला.”

मी फोन कानाला दाबला.

“तुला कुणी सांगितलं?” ती म्हणाली. आवाज बदललेला.

“एकीने. लायब्ररीत.”

“आणि तू मला सांगितलंस? न विचारता?” तिचा आवाज चढला. “मी वर्षभर थांबले आणि तू भाजीचा भाव सांगावा तसा सांगून टाकलास?”

फोन बंद. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिने माझा फोन असा कधी ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीनला फोन वाजला नाही. मीही केला नाही. मी काही कमी नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी हे चहा घेऊन आले. यांनी चहा केला म्हणजे परिस्थिती बिकट आहे हे ओळखावं. “आज बाजार बंद?” एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तेही म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला तो तिच्या मुलीचा.

“मावशी, मी आईचं पॅकिंग करतेय. तुमच्या त्या सीरिजचं लास्ट बुक आहे इथे. हार्डकव्हर. तुम्हाला पोस्टाने पाठवू का? ती तर वाचू शकत नाही.”

“तू वाचून दाखवलंस ना तिला?”

“मी? नो! मी फर्स्ट वीकलाच पाठवलं होतं. आय ऑफर्ड. वीकेंडला फोनवर वाचेन म्हटलं. ती म्हणाली, हात लावायचा नाही, मावशी सांगणार आहे. इट्स स्टिल इन द गिफ्ट पेपर. आणि तुम्हाला सांगायचं पण नाही म्हणाली. आता मी सांगितलं.” मग थोडं थांबून, “मावशी, तुमचं भांडण झालंय का? ती तीन वाजता फोनपाशी जाऊन बसते आणि मग चार वाजता उठते.”

मी तीनची वाट बघितली नाही. लगेच फोन केला.

“बोल,” ती म्हणाली.

“मी खोटं बोलले. मला काही ठाऊक नाही. पाद्र्याचं मी मनाने सांगितलं.”

“ते मला तासाभराने कळलं.”

“कशावरून?”

“पहिल्या भागापासून तू त्या बिचाऱ्या पाद्र्याच्या मागे आहेस. तुला कुणाचा संशय येत नाही ते सांग! केकवालीचा आला होता, तिच्या कुत्र्याचा आला होता.”

“कुत्र्याने पुरावा खाल्ला होता.”

“हाड होतं ते.”

मग मीच म्हटलं, “आणि फोनचं पुस्तक?”

ती हसली, पण लगेच थांबली. “कार्टीने सांगितलं वाटतं.”

“घरात पुस्तक होतं. सुरुवातीपासून होतं. मी इकडे त्या मशीनपुढे नाक मुरडत बसले, सगळ्या ओक ट्री रोडला भाव विचारत फिरले, आणि तू म्हणतेस थांब! पाठवलं असतंस तर यांनी पानं उलटली असती. का थांबवलंस?”

ती म्हणाली, “तू ठरवलं होतंस ना, मी जायच्या आत संपवायचं. रोज एक प्रकरण. मला तू हिशेब ऐकवलास सुद्धा. मग तिकडे गेल्यावर काय करायचं मी? मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. पोरं येतात, ‘आजी, आर यू ओके’ विचारतात. मी ‘येस’ म्हणते. संपलं. दिवस केवढा मोठा असतो तुला माहितीये? म्हटलं, एक गोष्ट तरी अर्धी ठेवून न्यावी.”

मी इतके दिवस प्रकाशकावर, दुकानदारावर, लायब्ररीवर, पाटीवर संशय घेत होते, आणि पुस्तक मुद्दाम मागे ठेवणारी ही श्रूजबरीत बसली होती.

“आणि घड्याळवालीच्या नवऱ्याचं?” मी विचारलं. “तुला जाणून नाही घ्यायचं?”

“घ्यायचंय की. पण मेला तो मेला. आज कळलं काय आणि संक्रांतीला कळलं काय.”

हे ती कुणाला मनात धरून बोलली ते मी विचारलं नाही.

त्याच दुपारी मी दहावा भाग विकत घेतला. पूर्ण किमतीला. ‘ही किंमत प्रकाशकाने ठरवली आहे’ या ओळीवर बोट ठेवून घेतला. तिच्या मुलीला म्हटलं, ते गिफ्ट पेपरमधलं तसंच आईच्या सामानात घाल, अल्फारेटाला जाऊ दे. आणि दिवाळीनंतर एका सकाळी, सवयीने बघितलं, तर एका दिवसापुरतं ते पुस्तक दोन-तीन डॉलरना! दुसऱ्या दिवशी परत वर. यांना योगायोग वाटतो. मला माहितीये की ते मला दाखवायलाच उतरवलं होतं.

मैत्रीण अल्फारेटाला गेली. फोन तीनलाच येतो. मागे कधी कुकर वाजत असतो, कधी पोरांचं भांडण. ती दार लावून घेते आणि म्हणते, “हं.”

पुस्तक मी चार दिवसांत वाचून काढलं, अंगठ्यांना शेक देत देत. पाद्र्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. घड्याळ त्या खणात कसं आलं तेही ठाऊक आहे. कालचं बोलणं असं झालं:

“कुठवर आलीस?”

“सहावं प्रकरण.”

“परवाही सहावंच होतं.”

“मोठं आहे.”

“त्यात होतंय काय एवढं?”

“धुकं आहे. फौजदाराला दिसत नाहीये.”

“तीन दिवस धुकं?”

“समुद्रकाठ आहे बाई, तिथे असतं.”

ती म्हणाली, “तू अख्खं वाचलंयस. मला तुझा संशय येतोय.”

“छे गं. माझे अंगठे बघ कसे झालेत.”

“मला फोनवर अंगठे दिसत नाहीत, आणि समोर आलीस तरी कानच दिसतात. खरं सांग, शेवट कधी सांगणार आहेस?”

“ते मी नाही ठरवत,” मी म्हटलं. “मीटिंग असते.”